माथेरानची ई-रिक्षा आणि अमन लॉजची शटल : गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन गेले तो अनुभव

माथेरानला जाऊन आलं की सगळे विचारतात हॉटेल कुठलं, पॉइंट किती झाले, पॅनोरमा पॉइंटला सूर्योदय बघितला का. त्यावर भरपूर लोकांनी लिहिलंय त्यामुळे मी त्यात भर घालत नाही. मला लिहायचंय ते दस्तुरी नाका ते बाजार या अडीच किलोमीटरबद्दल. आई बरोबर होती, वय ७२, दोन्ही गुडघे गेलेले, घरी जिना चढताना पण कठडा धरून एकेक पायरी. तिच्यासारख्या माणसाचं माथेरान त्या अडीच किलोमीटरवरच ठरतं, तिथे जमलं नाही तर पुढचे पॉइंट, तलाव, हवा सगळं असून नसल्यासारखं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नेरळ स्टेशनवरून टॅक्सी घाट चढून दस्तुरीपर्यंत येते आणि तिथे संपते. पुढे मोटारगाडी नाही, स्कूटर नाही, अँब्युलन्ससारखा अपवाद सोडला तर इंजिनवाली कुठलीच गाडी नाही. २००३ साली केंद्राने माथेरान आणि आजूबाजूचा भाग इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी खास जपायचा भाग, म्हणून जाहीर केला, पण गाड्यांना बंदी त्याच्या कितीतरी आधीपासूनची. म्हणूनच तर ८०० मीटर उंचीवरचं हे इवलंसं गाव अजून असं आहे, लाल माती, जांभळीची झाडं, हॉर्न नाही की धूर नाही. मला ही बंदी मनापासून पटते, हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे मी ई-रिक्षाची बाजू घेणार आहे आणि मग कुणीतरी म्हणणार की तुम्हाला माथेरानचं लोणावळा करायचंय. अजिबात नाही करायचंय.

तर दस्तुरीला उतरलं की पुढे जायचे मार्ग म्हणजे आपले पाय, घोडा, माणसांनी ओढायची हातरिक्षा (कोर्टाने ती बंद करायला सांगितलंय), दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून बाजारापर्यंत जाणारी शटल ट्रेन आणि आता ई-रिक्षा.

आधी मागच्या वेळचं सांगते, त्याशिवाय मी एवढं मनावर का घेतलंय ते कळणार नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही गेलो होतो, बाबा होते तेव्हा. शटलला मरणाची गर्दी, आईला घोड्यावर बसायची भीती, आणि चालणं तेव्हाही तिला जड जायचंच, म्हणून हातरिक्षा केली. एक जण पुढे दांडा धरून ओढणारा, दोघं मागून ढकलणारे. चढ आला की पुढचा माणूस इतका वाकायचा की त्याचं डोकं दांड्याच्या रेषेत यायचं, आणि उतारावर उलटं, तेव्हा मागचे दोघं टाचा मातीत रोवून रिक्षा मागे खेचून धरायचे नाहीतर ती सुटेल. मी बाजूने चालत होते त्यामुळे मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा. निम्म्या वाटेत आई म्हणाली थांबवा, मी उतरते. ते तिघं घाबरले, त्यांना वाटलं आमचं काही चुकलं, पैसे कापणार. आईने पूर्ण पैसे दिले आणि वर पाणी प्यायला लावलं आणि उरलेलं अंतर माझा खांदा धरून दर दहा पावलांवर बसत बसत चालत आली. त्यानंतर माथेरानचं नाव काढलं की ती एकच वाक्य म्हणायची, माझं वजन माणसांनी ओढायचं असेल तर मला नाही यायचं.

त्या माणसांवर माझा राग नव्हता आणि नाही, उलट त्यांच्या पोटाचा प्रश्न होता तो. गावात परवाना असलेल्या हातरिक्षा ९४, आणि एकेका रिक्षावर दोन-तीन घरं चालायची. म्हणूनच हे प्रकरण वर्षानुवर्षं अडकून पडलं होतं, ई-रिक्षा आणा म्हणायला गावातलेच एक शिक्षक हातरिक्षावाल्यांची बाजू घेऊन सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. २०२२ च्या मे महिन्यात कोर्टाने प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात ७ ई-रिक्षा सुरू झाल्या, तेव्हा तिकीट माणशी ३५ रुपये आणि शाळेच्या मुलांना ५ रुपये. पुढे आकडा २० वर गेला आणि तिथेच थांबला, वाद मात्र चालू राहिले, घोडेवाल्यांचा विरोध, रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा वाद, रिक्षा कुणाला द्यायच्या याचा वाद. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश गवई यांच्या खंडपीठाने सांगितलं की माणसाने माणसाला ओढत न्यायचं हे अमानुष आहे, सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा, आणि सरकारने ई-रिक्षा विकत घेऊन याच हातरिक्षावाल्यांना भाड्याने चालवायला द्याव्यात, गुजरातमध्ये केवडियाला स्थानिक बायकांना दिल्यात तशा. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही हे पण कोर्टाने सांगून ठेवलं. ती बातमी मी आईला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, थोड्या वेळाने म्हणाली, मग आता जाऊन येऊ या का.

अशी आमची ट्रिप ठरली. बदलापूरहून सकाळची कर्जत लोकल, नेरळला उतरलो, शेअर टॅक्सी. मंगळवार मुद्दाम निवडला. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणसं आहेत त्यांनी शनिवार-रविवारचा विचारच करू नका, हे मी हात जोडून सांगते. २० रिक्षा आणि वीकेंडची गर्दी याचं गणित कधीच जुळणार नाही, दोन-दोन तास रांगेत उभं राहायची ताकद आपल्यात असेल, आपल्या आईवडिलांमध्ये नसते.

दस्तुरीला उतरताच जे होतं ते झालंच. एक जण गाडीच्या दारातच आला, शटल फुल्ल आहे, ई-रिक्षा आज बंद आहे, गाव सहा किलोमीटर लांब आहे मॅडम, घोडा करा. अंतर अडीच किलोमीटर आहे हे मला माहीत होतं म्हणून ठीक, नवीन माणूस तिथेच फसतो. याच कारणावरून २०२५ च्या मार्चमध्ये माथेरानच्या लोकांनी स्वतःहून गाव बंद ठेवलं होतं, दुकानं बंद, हॉटेलं बंद, पर्यटकांना खोटं सांगून लुबाडणं थांबवा म्हणून. मला त्या बंदचं फार कौतुक वाटलं होतं, आपल्याच गावाचं नाव खराब होतंय म्हणून आपलंच दुकान बंद करून बसायला हिंमत लागते. सगळे घोडेवाले तसे नसतात हे पण लिहिलंच पाहिजे, दुसऱ्याच एका घोडेवाल्या काकांनी आम्हाला हाताने दाखवलं, ताई तिकडे जा, रिक्षा तिथून सुटते, आजींना सावलीत बसवा. त्यांचा त्यात एक रुपयाचा फायदा नव्हता.

रांगेत आमच्या पुढे साधारण पंधरा माणसं, पाऊण तास लागला. बसायला पुरेशी जागा नव्हती, आईला कठड्यावर टेकवलं. हीच या सेवेची मोठी उणीव, कारण जिला उभं राहता येत नाही तीच बाई रिक्षासाठी येणार आणि तिलाच उभं राहावं लागणार, दोन लांब बाकं आणि वर पत्रा एवढं केलं तरी अर्धी तक्रार मिटेल. आमच्यानंतर एक गावातल्या आजी आल्या, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, कर्जतला डॉक्टरकडे जाऊन आलेल्या, त्यांना रांगेतल्या लोकांनी पुढे सोडलं. कुणी सांगायची गरज पडली नाही. त्या आईशेजारी टेकल्या आणि दोघींचं गुडघ्यांवरून जे सुरू झालं ते रिक्षा येईपर्यंत संपेना.

आता प्रत्यक्ष रिक्षा. बसायला उंची कमी, आईला पाय उचलायला फार त्रास झाला नाही, एक हात दांडीला आणि एक माझ्या हातात, बसली. आवाज म्हणजे नुसता बारीक गुंऽऽ, पक्षी ऐकू येतात. वेग सायकलपेक्षा थोडा जास्त, आणि घोडा समोर आला की ड्रायव्हर थांबतोच, घोडा बाजूने जाऊ देतो मग निघतो, हे मला फार आवडलं. पेव्हरवर गाडी नीट चालते, जिथे दगड उचकटलेत तिथे दणके बसतात आणि दुखऱ्या कमरेला ते जाणवतात, तेव्हा ज्यांना मणक्याचा त्रास आहे त्यांनी मागच्या बाजूला न बसता ड्रायव्हरच्या पाठीमागची सीट मागावी. सामान मांडीवर एक बॅग एवढंच मावतं, मोठी बॅग असेल तर हमाल करा, आम्ही एका मावशींकडे बॅग दिली, डोक्यावर घेऊन त्या आमच्या मागून वीस मिनिटांत पोचल्या.

आमचा ड्रायव्हर पन्नाशीचा. आईने बसल्या बसल्या विचारलंच, दादा आधी काय करत होतात? ते म्हणाले, मावशी, हातरिक्षाच ओढायचो की, बावीस वर्षं ओढली. आणि एका हाताने हँडल धरून दुसरा तळवा मागे वळवून दाखवला, अंगठ्याच्या खाली आणि बोटांच्या मुळाशी जाड पिवळट घट्टे, अजून गेले नव्हते. म्हणाले पावसाळ्यात चिखलात पाय सरकायचा तेव्हा देवाचं नाव घ्यायचो, आता रात्री पाय दाबून द्यायला पोराला उठवावं लागत नाही. आई पूर्ण रस्ताभर त्या माणसाशी बोलत होती आणि मी गप्प बसून होते, कारण दहा-बारा वर्षांपूर्वी त्या तिघांत हेच नव्हते कशावरून, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

मधेच एक मुलगी चढली, सातवी-आठवीची असेल, दप्तर, पाण्याची बाटली, दोन वेण्या. ड्रायव्हरने तिला पुढे जागा करून दिली. तिला मी विचारलं रोज रिक्षानेच जातेस का, तर म्हणाली मिळाली तर, नाहीतर चालत. मिळाली तर. माझं सगळं म्हणणं या दोन शब्दांत आहे. आपण पर्यटक वर्षातून एकदा जातो आणि रिक्षा मिळाली नाही म्हणून चिडतो, ज्यांचं घरच तिथे आहे त्यांना हे अडीच किलोमीटर रोज जाऊन-येऊन आहेत, पावसात पण. २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४३९३ होती. त्या एवढ्याशा गावातल्या बाळंतिणी, म्हातारी माणसं, शाळेची मुलं, यांच्यासाठी ही सेवा आधी आहे आणि आपल्यासाठी नंतर. त्यामुळे माझी मागणी अशी की गावकऱ्यांसाठी काही रिक्षा किंवा शाळेच्या वेळा तरी राखून ठेवाव्यात, त्या वेळात पर्यटकाला घेऊच नये. आम्हाला अर्धा तास जास्त थांबावं लागलं तरी चालेल, त्या मुलीचा पहिला तास बुडू नये.

रिक्षांची संख्या वाढवावी का यावर माझं मत, हो, पण बेसुमार नाही. ९४ हातरिक्षावाल्यांना त्यांच्या हक्काची गाडी मिळेपर्यंत तरी वाढवायलाच हव्यात. त्याच्या पुढे बाहेरच्या कुणाला एकही परवाना देऊ नये, आणि रिक्षा मुख्य रस्त्यावरच राहावी. पॉइंटकडच्या पायवाटांवर पेव्हर नको असं कोर्टाने सांगितलंय ते शंभर टक्के बरोबर आहे. घोडेवाल्यांची भीती मला खोटी वाटत नाही, पण पॉइंटला जायला घोडा लागणारच आहे, आणि रिक्षामुळे जी माणसं एरवी आलीच नसती ती येतायत. आमचंच बघा ना. बाजारात एका चपलेच्या दुकानात आईने दोन जोड घेतले, दुकानदार म्हणाले की आधी तरुण पोरं यायची, घामाघूम होऊन, पाण्याची बाटली घ्यायची आणि पुढे जायची, आता आजी-आजोबा येतात ते बसतात, निवांत बघतात, नातवंडांना घेतात. एका दुकानदाराचं म्हणणं म्हणजे सगळा बाजार नाही, पण त्यांनी हे आपणहून सांगितलं. चामड्याच्या चपला, चिक्की, मध, वेताच्या काठ्या, या चार वस्तूंवर तिथली कित्येक घरं चालतात. आईने एक काठी पण घेतली आणि मग दुपारभर त्याच काठीच्या आधाराने बाजारातून हळूहळू फिरली.

पॉइंट म्हणाल तर तिचा एकही झाला नाही. घोड्याला ती नाहीच म्हणाली. मला वाईट वाटलं, तिला नाही वाटलं. एका झाडाखाली बाकावर बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत बसली. शेजारी बसलेल्या एक बाई गावातल्याच, त्यांनी पिसारनाथाच्या देवळाबद्दल सांगितलं, ग्रामदैवत, शार्लोट तलावाजवळ, महाशिवरात्रीला सगळं गाव तिथे असतं. आणि भाई कोतवालांबद्दल, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ते माथेरानचे, २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. त्या सांगत होत्या की गावात कार्यक्रम असला की आता दस्तुरीच्या बाजूला राहणारी म्हातारी माणसं पण येतात, आधी घरीच बसायची. कार्यक्रम रात्री संपला तर परत जायचं कसं हा प्रश्न मात्र अजून आहे म्हणाल्या. हे ऐकून मला वाटलं की आपण पर्यटक फक्त सकाळी वर आणि संध्याकाळी खाली एवढंच बघतो.

परतीला शटल केली, मुद्दाम, दोन्हीची तुलना करता यावी म्हणून. माथेरान स्टेशन बाजारातच आहे, म्हणजे आईला जेमतेम शंभर पावलं. नेरळ-माथेरान लाइन १९०७ साली सुरू झाली, दोन फुटी गेज, साधारण २१ किलोमीटर, आदमजी पीरभॉय कुटुंबाने स्वतःच्या पैशातून बांधलेली. पूर्ण गाडी पावसाळ्यात बंद असते आणि २०१९ च्या पावसात लाइन वाहून गेल्यावर तर थेट २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये परत सुरू झाली, पण वरची अमन लॉज ते माथेरान शटल पावसाळ्यात पण चालते. गावाला तीच खरी उपयोगाची. त्या तीन वर्षांत नेरळची गाडी नव्हती तेव्हा याच छोट्या गाडीने गाव सांभाळलं.

डबा बुटका, आत वाकून शिरावं लागतं, आणि समोरासमोरच्या सीटवर बसलं की अनोळखी माणसाच्या गुडघ्याला आपला गुडघा लागतो. आईला चढताना पायरी उंच पडली, मी मागून आणि समोरच्या काकूंनी हात देऊन वर घेतलं. एवढी एक गोष्ट सोडली तर प्रवास रिक्षापेक्षा सुखाचा, दणके नाहीत, जांभ्या दगडाच्या भिंतींना अगदी घासून गाडी जाते, खिडकीतून हात काढला तर फांदी लागेल (काढू नका). १५-२० मिनिटांत अमन लॉज. तिथून दस्तुरी अगदी जवळ पण तो तुकडा चालावाच लागतो, आणि माकडं! खाण्याची पिशवी हातात दिसली की संपलं, आमची चिक्की मी ओढणीखाली लपवून आणली.

तर गुडघे दुखणाऱ्यांनी काय करावं, माझा अनुभव असा की जाताना ई-रिक्षा कारण दस्तुरीलाच मिळते, येताना शटल कारण स्टेशन बाजारात आहे आणि तिकीट खिडकी उघडायच्या आधी जाऊन बसता येतं. गाड्यांच्या वेळा बदलतात, जायच्या आदल्या दिवशी विचारून घ्या. सुट्टे पैसे ठेवा. दस्तुरीला कुणी काहीही सांगितलं तरी आधी स्वतः जाऊन बघा. स्टार द्यायचे तर ई-रिक्षाला साडेतीन, कापलेला दीड बसायच्या जागेचा आणि कमी गाड्यांचा, ड्रायव्हर लोकांना मात्र पाचपैकी पाच. शटलला चार, पायरी खाली केली तर मी स्वतः येऊन पाचवा देईन.

लोकलमध्ये बसल्यावर आईने डोंबिवलीच्या मावशीला फोन लावला. मावशीचे पण गुडघे तसेच, ती पण वीसेक वर्षं माथेरानला गेलेली नाही. आई तिला सांगत होती, अगं कुणी ओढत नाही आता, बॅटरीवर चालते, आपण दोघी जाऊ, मंगळवार बघ. मी कॅलेंडर काढून दिलं, माघातला एक मंगळवार दोघींनी धरलाय.